कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणि त्वचेचा कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न माझे पेशंट बहुतेक वेळा निघता निघता, दाराशी थांबून विचारतात. "डॉक्टर, या गोळ्यांनी स्किन कॅन्सर होतो म्हणे, खरं का?" दाराशी उभ्या उभ्या याचं धड उत्तर देता येत नाही. "नाही हो, घ्या निर्धास्त" असं म्हटलं की माणूस जातो, पण शंका मनात तशीच राहते, आणि दोन महिन्यांनी कळतं की गोळी बंद आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

थोडक्यात सांगा: होतो की नाही?

त्वचेच्या कॅन्सरचे ढोबळमानाने दोन गट आहेत. पहिल्यात मेलानोमा येतो. तो कमी लोकांना होतो, पण शरीरात लवकर पसरतो. दुसऱ्यात बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल हे प्रकार येतात. ते खूप जास्त लोकांना होतात, आणि वेळेत काढले तर बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटतं.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी मेलानोमा वाढतो असं आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. दुसऱ्या गटाबाबत काही अभ्यासांत किंचित वाढ दिसली. ती गोळीमुळेच झाली हे सिद्ध झालेलं नाही. आणि ती खरी धरली तरी इतकी लहान आहे की तिच्यासाठी गोळी सोडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणं.

"कोलेस्टेरॉलची गोळी" म्हणजे नेमकी कोणती?

बहुतेकांच्या चिठ्ठीवर स्टॅटिन असतं: अॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन. नावाच्या शेवटी "स्टॅटिन" आहे का ते पट्टीवर बघा. याशिवाय इझेटिमाइब, फेनोफायब्रेट आणि अलीकडची इंजेक्शनं आहेत. या सगळ्यांचं काम करण्याचं तंत्र वेगवेगळं आहे, त्यामुळे एकाबद्दल वाचलेलं दुसऱ्याला लावू नका.

मुळात ही शंका आली कुठून?

स्टॅटिनचा शोध बुरशीतून लागला. १९७० च्या दशकात जपानमध्ये अकिरा एन्डो यांनी पेनिसिलियमच्या एका जातीतून पहिला रेणू वेगळा केला, आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध वर्षानुवर्षं रोज घ्यायचं असल्यामुळे त्याने कॅन्सर तर होणार नाही ना, ही विचारणा पहिल्यापासूनच होती, आणि ती रास्तच होती.

ती वाढण्यामागे एक कारण पेशींच्या कारभारात आहे. स्टॅटिन यकृतातला एक एन्झाइम रोखतं. त्या एन्झाइमपासून सुरू होणाऱ्या साखळीत कोलेस्टेरॉलखेरीज इतरही पदार्थ तयार होतात, आणि पेशीच्या वाढीचे संदेश देणारी काही प्रथिनं त्यांच्याच आधाराने पेशीच्या पडद्याला चिकटतात. साखळी रोखली तर हे संदेशही मंदावतील, म्हणजे कॅन्सर कमी होईल, असं काहींनी मांडलं. शरीराची प्रतिकारशक्ती बदलून कॅन्सर वाढेल, असं दुसऱ्यांनी मांडलं. कागदावर दोन्ही पटतं. अशा वेळी माणसांवर काय घडलं तेच बघावं लागतं.

मग माणसांवर काय घडलं?

स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवर सिम्व्हास्टॅटिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. मेलानोमा सोडून इतर त्वचेचे कॅन्सर गोळी घेणाऱ्यांत १३ जणांना झाले, आणि दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६ जणांना. नंतर ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांवर "हार्ट प्रोटेक्शन स्टडी" झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच आकडे २४३ आणि २०२ होते. शंका घेणारे लोक या दोन चाचण्यांचे आकडे एकत्र करून दाखवतात: २५६ विरुद्ध २०८. हे आकडे खरे आहेत, कुणी पदरचे घातलेले नाहीत. म्हणूनच ते नीट वाचायला हवेत.

ब्रिटनच्या अभ्यासापुरतं बोलू. प्रत्येक बाजूला दहा हजारांवर माणसं होती आणि काळ साधारण ५ वर्षांचा. त्वचेचा हा कॅन्सर गोळीवाल्यांत २.४ टक्के, दुसऱ्या बाजूला २ टक्के. म्हणजे १,००० माणसांनी पाच वर्षं गोळी घेतली तर ४ जणांचा फरक. हा फरक इतका बारीक आहे की तो केवळ योगायोगानेही पडू शकतो.

आता त्याच अभ्यासातले, त्याच माणसांचे दुसरे आकडे घ्या. हार्ट अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागणं, यांपैकी काहीतरी गोळी घेणाऱ्यांपैकी १९.८ टक्के लोकांना झालं, दुसऱ्या बाजूला २५.२ टक्के लोकांना. हजारामागे ५४ माणसं त्यातून वाचली. मृत्यू १४.७ टक्क्यांवरून १२.९ टक्क्यांवर आले, म्हणजे हजारामागे १८ जीव. पहिली ओळ सांगणारा दुसरी ओळ गाळत असेल, तर तो तुम्हाला अर्धाच हिशेब दाखवतोय.

एवढ्यावर भागलं का? पुढे कुणी तपासलंच नाही?

तपासलं. २०१२ मध्ये २७ चाचण्यांमधल्या सुमारे पावणेदोन लाख लोकांची माहिती एकत्र करून कॅन्सरचा हिशेब मांडला गेला. स्टॅटिन घेणाऱ्यांत कॅन्सर वाढला नाही, कमीही झाला नाही, आणि कॅन्सरने होणारे मृत्यूही तेवढेच राहिले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोठ्या चाचण्यांत कॅन्सर मोजताना बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल हे प्रकार बऱ्याचदा बाजूला ठेवतात, कारण ते फार असतात, जागच्या जागी काढले जातात आणि त्यांची नोंद सगळीकडे नीट होत नाही. त्यामुळे नेमक्या ज्या प्रकाराबद्दल आपण बोलतोय त्याची माहिती इतर कॅन्सरपेक्षा तुटपुंजी आहे. अमेरिकेत १ लाख १८ हजारांहून जास्त गोऱ्या स्त्रियांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात स्टॅटिन घेणाऱ्यांत हा कॅन्सर सुमारे २० टक्क्यांनी जास्त दिसला. पण ती चाचणी नव्हती, निरीक्षण होतं. कुणी गोळी घ्यायची आणि कुणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, आणि तिथेच खरी मेख आहे.

गोळी घेणाऱ्यांत जास्त दिसतो, तरी कारण गोळी नाही, हे कसं काय?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असं होत नाही.

स्टॅटिन कोण घेतं? पन्नाशी-साठी ओलांडलेला माणूस. त्वचेचा कॅन्सर कुणाला होतो? त्यालाच, कारण तोवर त्वचेवर कित्येक वर्षांचं ऊन साठलेलं असतं. संशोधक वयाचा फरक हिशेबात धरतात, पण बाकीच्या गोष्टी तितक्या सहज धरता येत नाहीत. गोळी चालू असलेला माणूस दर तीन-सहा महिन्यांनी डॉक्टरसमोर बसतो. शर्ट काढून छाती तपासली जाते, आणि पाठीवरचा डाग कुणाच्या तरी नजरेला पडतो. जो डॉक्टरकडे फिरकतच नाही त्याच्या पाठीवरचा डाग कुणाला दिसणार? शिवाय नेमाने गोळी घेणारी माणसं सहसा नेमाने चालायलाही जातात, बागेत राबतात, उघड्यावर जास्त असतात. आणि गोळीमुळे जो हार्ट अटॅकने गेला नाही, त्याला पुढच्या दहा वर्षांत त्वचेचा कॅन्सर व्हायला आयुष्य मिळतं. हे मुद्दे मिळून वीस टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. पडलाच असेल असं माझं म्हणणं नाही. पण गोळीला दोषी धरण्याआधी हे सगळं वजा करावं लागतं.

स्टॅटिनने उलट मेलानोमा टळतो, असंही वाचलं. ते खरं का?

ही आशा लोव्हास्टॅटिनच्या एका चाचणीतून आली. ६,६०५ लोकांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मेलानोमा गोळी घेणाऱ्यांत १४ जणांना झाला आणि न घेणाऱ्यांत २७ जणांना. जवळपास निम्मा! पण बाकीच्या चाचण्या एकत्र केल्यावर हा फायदा टिकला नाही. पुढे विचित्र तीळ असलेल्या ८० लोकांपैकी निम्म्यांना सहा महिने लोव्हास्टॅटिन देऊन पाहिलं, तिळांत सुधारणा झाली नाही.

मी हे मुद्दाम सांगते. १३ विरुद्ध ६ वाचून घाबरायचं असेल, तर १४ विरुद्ध २७ वाचून नाचायलाही हवं. लहान आकडे दोन्हीकडे असेच हेलकावे खातात.

इझेटिमाइबने कॅन्सर होतो अशी बातमी होती ना?

होती, २००८ मध्ये. हृदयाची झडप अरुंद झालेल्या १,८७३ पेशंटच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब एकत्र घेणाऱ्यांपैकी १०५ जणांना कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांपैकी ७० जणांना. त्या वेळी डॉक्टरही हबकले होते. मग चालू असलेल्या दोन मोठ्या चाचण्यांची माहिती लगेच तपासली गेली, तिथे तसं काही नव्हतं. २०१५ मध्ये १८,१४४ लोकांच्या चाचणीचा निकाल आला तेव्हाही दोन्ही बाजूंना कॅन्सर सारखेच निघाले.

आणि नवी इंजेक्शनं?

इव्होलोक्युमॅबची २७,५६४ लोकांवर आणि अॅलिरोक्युमॅबची १८,९२४ लोकांवर चाचणी झाली. कॅन्सर वाढलेला दिसला नाही. मात्र या चाचण्या दोन-तीन वर्षांच्या होत्या आणि औषधं नवी आहेत, त्यामुळे नजर ठेवायला हवी.

फेनोफायब्रेट घेतल्यापासून उन्हात गेलं की अंगावर लाल चट्टे येतात. हा कॅन्सर आहे का?

नाही. ही उन्हाची अॅलर्जी आहे आणि फेनोफायब्रेटने ती होऊ शकते, हे चांगलं ठाऊक आहे. केटोप्रोफेन हे दुखण्यावर लावायचं मलम ज्यांना चाललं नाही त्यांना फेनोफायब्रेटही त्रास देऊ शकतं, कारण दोन्ही रेणूंची घडण काही अंशी सारखी आहे. स्टॅटिननेही असे चट्टे येतात, पण क्वचित. चट्टे ताजे असताना फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टरकडे पोचेपर्यंत ते मावळलेले असतात.

माझ्या चिठ्ठीवर पाच गोळ्या आहेत. त्यातली दुसरी कुठली त्वचेला वाईट आहे का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा. कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीची गोळी बहुधा एकाच डबीत असतात. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड नावाचं, लघवी वाढवणारं औषध असतं. पुष्कळदा ते दुसऱ्या बीपीच्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतं, त्यामुळे आपण ते घेतोय हे लोकांना माहीतच नसतं. हे औषध त्वचेला उन्हाबाबत हळवी करतं.

डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पोटात या औषधाचे एकूण ५०,००० मिलिग्रॅम किंवा जास्त गेले होते, त्यांच्यात स्क्वॅमस सेल कॅन्सरची शक्यता सुमारे चौपट दिसली, आणि मात्रा जितकी जास्त तितकी ती वाढत गेली. बेसल सेलमध्ये वाढ बरीच कमी होती. बीपीच्या इतर बहुतेक औषधांत असं चित्र दिसलं नाही. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी याबद्दल सूचना काढली.

हिशेब तुम्हीही करू शकता. पट्टी उलटी करा, बारीक अक्षरात औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात. रोज १२.५ मिलिग्रॅम असेल तर ५०,००० पर्यंत पोचायला ४,००० दिवस लागतात, म्हणजे जवळपास ११ वर्षं. रोज २५ असेल तर साडेपाच वर्षं.

"चौपट" या शब्दाने मात्र दचकू नका. अमेरिकेच्या नियामकांच्या अंदाजानुसार एकूण लोकसंख्येत हे औषध घेणाऱ्या १६,००० जणांमागे वर्षाला एक जादा कॅन्सर होतो. गोऱ्या त्वचेच्या, ५०,००० मिलिग्रॅम ओलांडलेल्या लोकांत ६,७०० जणांमागे एक. न आटोक्यात आलेलं बीपी याहून कितीतरी जास्त माणसं नेतं. तेव्हा ही गोळीही स्वतःहून बंद करायची नाही. पण पूर्वी त्वचेचा कॅन्सर झाला असेल, किंवा आयुष्य उन्हात गेलं असेल, तर "याऐवजी दुसरी चालेल का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. दुसऱ्या गोळ्या पुष्कळ आहेत.

किडनी बदलली आहे, सोबत स्टॅटिनही आहे. मला धोका जास्त का?

जास्त आहे, पण तो स्टॅटिनचा नाही. बदललेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी जी औषधं देतात (अझाथायोप्रीन, सायक्लोस्पोरीन), त्यांनी त्वचेचा कॅन्सर बऱ्याच पटींनी वाढतो. तुम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे वर्षातून किमान एकदा डोक्यापासून तळपायापर्यंत तपासणी करून घ्यायलाच हवी. सायक्लोस्पोरीनबरोबर कोणतं स्टॅटिन किती द्यायचं याचेही वेगळे नियम आहेत, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

त्वचेवर नेमकं काय बघायचं?

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढलेलं. खोदून विचारल्यावर म्हणाले, मोबाइलवर वाचलं आणि स्किन कॅन्सरच्या भीतीने चार महिन्यांपूर्वी गोळी सोडली. बोलता बोलता त्यांनी मान खिडकीकडे वळवली, तेव्हा कानशिलावर मसुराएवढी एक पुळी उजेडात चमकली. मोत्यासारखी झाक, कडेला केसाएवढ्या लाल रेषा, मधोमध खपली. "ही कधीपासून?" तर म्हणाले, "आठ-नऊ महिने असेल. टॉवेलने तोंड पुसताना खपली निघते, जरा रक्त येतं, परत धरते. त्यात काय!" तुकडा तपासला, बेसल सेल निघाला. ज्या आजाराला भिऊन त्यांनी गोळी सोडली, तो आजार त्यांच्या कानशिलावर होता आणि त्यांनी तो कुणाला दाखवला नव्हता. मला आजही त्याची चुटपुट वाटते, कारण मागच्या भेटीत मीही त्यांचं बीपी बघितलं, रिपोर्ट बघितला, चेहऱ्याकडे नीट बघितलं नाही.

तर हे बघा: महिनाभर न भरणारी, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारी जागा. खरखरीत, कडक, वाढत जाणारा चट्टा, विशेषतः कानाच्या पाळीवर, खालच्या ओठावर, टकलावर, हाताच्या मागच्या बाजूला. तिळाच्या बाबतीत दोन्ही अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग असणं, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा होणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बदलत जाणं. अंगभर एकाच साच्याचे तीळ आहेत आणि एकच वेगळा दिसतोय, तर तो आधी दाखवा.

माझी त्वचा सावळी आहे. मला याची काळजी करायला नको ना?

उन्हाने होणारे प्रकार गडद त्वचेत बरेच कमी असतात, हे खरं. पण गडद त्वचेच्या लोकांत मेलानोमा झालाच तर तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन लागतही नाही आणि कुणी बघतही नाही. नखावर उभी काळी रेघ रुंद होत चालली, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर पसरला, तर "दारात बोट चेमटलं असेल" म्हणून सोडू नका. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं, मेलानोमाची रेघ मुळाशी तशीच राहते. जुन्या भाजल्याच्या व्रणावर न भरणारी जखम झाली तर तीही दाखवा.

सनस्क्रीनने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि हे चाचणीने दाखवलं आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर या गावी १,६२१ लोकांपैकी काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांत रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. बेसल सेलमध्ये फरक दिसला नाही. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेलं घ्या, कान आणि मान विसरू नका, घाम आला की पुन्हा लावा. रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट तर याहून सोपा उपाय.

कोलेस्टेरॉलसाठी नायसिन घेत होतो. त्याने त्वचेचा कॅन्सर टळतो असं ऐकलं.

इथे नावांची गल्लत होते. नायसिन कोलेस्टेरॉलवर दिलं जायचं आणि त्याने चेहरा लालबुंद व्हायचा. त्वचेच्या कॅन्सरवर जे तपासलं गेलं ते निकोटिनामाइड, त्याच ब-३ जीवनसत्त्वाचं दुसरं रूप. ते कोलेस्टेरॉल कमी करत नाही. २०१५ मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, आधी त्वचेचे कॅन्सर होऊन गेलेल्या ३८६ लोकांपैकी निम्म्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, तेव्हा त्यांच्यात नवे कॅन्सर २३ टक्क्यांनी कमी झाले. गोळी थांबवल्यावर फायदाही संपला. ज्यांना पुन्हा पुन्हा होतो त्यांनी डॉक्टरांशी याबद्दल बोलावं. इतरांनी ते घ्यायची गरज नाही.

मला त्वचेचा कॅन्सर होऊन गेलाय. आता स्टॅटिन सुरू करायला सांगितलंय. घेऊ का?

घ्या. त्वचेचा कॅन्सर होऊन गेला म्हणून स्टॅटिन टाळावं असं मी कुणाला सांगत नाही. त्वचेची तपासणी मात्र ठरल्या वेळी चालू ठेवा.

भीतीने गोळी बंद केली होती. आता परत सुरू करता येते का?

येते. स्टॅटिन थांबवल्यावर कोलेस्टेरॉल काही आठवड्यांतच पूर्वीच्या पातळीला जातं, त्यामुळे उशीर करू नका, आणि बंद केल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका. नाहीतर वाढलेला रिपोर्ट बघून ते मात्रा वाढवतील किंवा दुसरी गोळी जोडतील. कानशिलावर पुळी असलेल्या त्या गृहस्थांची जागा बधिर करून ती पुळी काढली, पाच टाके पडले. टाके काढायला आले त्या दिवसापासून रात्रीची गोळी पुन्हा सुरू झाली. आता ते येतात तेव्हा खुर्ची आपणच खिडकीकडे वळवून बसतात.